‘दोष’ या मथळ्याखाली

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कुरुंदवाडहून आलेलं ते निळं आंतरदेशीय पत्र होतं. अक्षर वळणदार, बायकी, आणि खाली नाव भूपाल चौगुले. ज्या माणसाने मला वर्षानुवर्षं फक्त ईमेल पाठवल्या, त्याचं हे एकुलतं एक कागदी पत्र. मजकूर थोडका होता.

‘मास्तर, विजेचं वाक्य खरं होत नाही. सगळं करून बघितलं. या वेळी प्रोग्रॅम बदलत नाही, तुम्ही पान बदला. शेवटी दोष म्हणून मथळा असतो, त्याखाली एक ओळ लिहा आणि लॉर्नाबाईंना धाडा, म्हणजे चौथी आवृत्ती बाहेर पडेल. माझ्याकडून आता याहून जास्त काही होणार नाही.’

एक ओळ लिहायची होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर ओळी लिहीत आलो होतो: कार्डावर लेखकाचं नाव, विषय, पानं, आकार. ही एक ओळ मात्र लिहिली गेली नाही. का, ते सांगायचं तर आधी पान म्हणजे काय ते सांगायला हवं. तेही मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

संगणकाच्या जगात काही प्रोग्रॅम खुले असतात. त्यांची आतली रचना कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी, फुकट वापरावी. अशा प्रोग्रॅमबरोबर माहितीचं एक पान येतं. त्याची मांडणी ठरलेली असते. आधी नाव, मग तो कसा चालवायचा ते, मग तो काय करतो, मग त्याच्या खुंट्या, म्हणजे त्याला देता येणाऱ्या सूचना, कोणत्या आणि कोणती पिरगळली की काय होतं. आणि अगदी शेवटी एक मथळा असतो, दोष. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडलेलं आहे ते त्याच्या कर्त्याने स्वतः तिथे सांगायचं. माझा जन्म ग्रंथालयात गेला. पुस्तकाला शुद्धिपत्र असतं, पण ते छापखान्याच्या चुकांचं. स्वतःचा दोष स्वतःच्या शेवटच्या पानावर छापणारं पुस्तक मी पाहिलं नव्हतं. ही रीत मला फार आवडली होती.

भूपालच्या प्रोग्रॅमचं नाव ‘पेटी’. तो शिरोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होता. गळीत हंगाम संपला की उसाच्या वजनपावत्यांच्या हजारो फाइली एकत्र बांधून ठेवायला त्याने तो लिहिला आणि मग सगळ्यांसाठी मोकळा केला. पेटी फाइली बांधत असे आणि सांगितलं तर बांधून झाल्यावर मूळ फाइली काढून टाकत असे, जागा मोकळी व्हावी म्हणून. एवढंच तिचं काम, पण ते ती चोख करी. साताऱ्याच्या आमच्या महाविद्यालयात सूचीच्या नोंदी ठेवायला मी ती वापरू लागलो. तिच्याबरोबरचं पान चार-सहा ओळींचं होतं आणि त्या ओळींतून काही कळत नव्हतं. मी ते पुन्हा लिहिलं आणि पुष्कळ दिलगिरी व्यक्त करून त्याला पाठवलं. उत्तर आलं: ‘आजपासून पान तुमचं, मास्तर.’

मी कधी कोणाला शिकवलेलं नव्हतं. पण पुस्तकांत राहणारा तो मास्तर, असा त्याचा हिशेब होता आणि मला तो खोडून काढता आला नाही.

पान लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमच्या कर्त्याला प्रश्न विचारायचे असतात. ते मला जमत नसे. आपला प्रश्न मूर्खपणाचा ठरेल या भीतीने मी शाळेतही हात वर केला नव्हता. जे माझ्या यंत्रावर करून पाहता येई, ते मी पाहून लिही. जे पाहता येत नसे, उदाहरणार्थ डिस्क भरली तर काय, त्याच नावाची पेटी आधीच असली तर काय, ते मी अंदाजाने लिही. भल्या प्रोग्रॅमने अशा वेळी कसं वागावं याचा विचार करून तसं तो वागतो, असं बेधडक लिहून टाकी. बोलताना मी अडखळतो, कागदावर अडखळत नाही. पान पाठवलं की आठवड्याने, कधी पंधरवड्याने भूपालचं उत्तर येई. त्यात एकच ओळ असे. ‘पान बरोबर आहे.’

ती ओळ वाचून मला काय वाटे ते लिहायला संकोच होतो. वाटे की मला प्रोग्रॅमचं मन कळतं.

पानाबाबत भूपालचे दोन नियम होते. पान तयार झाल्याशिवाय कोणतीही आवृत्ती बाहेर जायची नाही, हा पहिला. मडगावच्या लॉर्ना परेरा म्हणून एक बाई संकेतस्थळ सांभाळत. माझं पान त्यांच्याकडे पोचलं की त्या आवृत्ती सोडत. दुसरा नियम असा की दोष या मथळ्याखाली काही लिहायचं नाही. मथळा ठेवायचा, खाली ‘नाही’ लिहायचं. मी एकदा भीतभीत सुचवलं होतं की एखादा बारीकसा दोष असला तर लिहावा, तशी रीत आहे. त्याने लिहिलं, ‘दोष लिहायचा कशाला मास्तर, काढून टाकू की.’

चौथ्या आवृत्तीच्या वेळी त्याने मला घरी बोलावलं. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. डिसेंबरचे दिवस होते. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून कुरुंदवाड असा एसटीने मी दुपारी पोचलो. दारात एक धिप्पाड माणूस लुंगी-बनियनवर उभा होता आणि मी फाटक उघडायच्या आतच म्हणाला, “आलासा मास्तर? पायांचा आवाजच पुस्तकी हाय तुमचा.”

मी हसलो. आवाजावरून त्याने ओळखलं, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

त्याची पत्नी पद्मावती पाणी घेऊन आली. किरकोळ बांध्याची, भराभर बोलणारी बाई. मला त्यांनी पहिल्या वाक्यातच भाऊजी केलं आणि दुसऱ्यात सांगून टाकलं की जेवण सूर्य बुडायच्या आत होईल, आमच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत, तेव्हा भूक नसली तरी लावून घ्या. भूपाल म्हणाला की मास्तर सातारचे, त्यांना अर्धं पोट रिकामं ठेवायची सवय असती. वहिनी म्हणाल्या की तुम्हाला मात्र ती कधी लागली नाही, म्हणून डॉक्टरचं घर चालतंय. त्याला साखरेचा आजार होता, हे असं थट्टेत कळलं.

खोलीत टेबलावर संगणक होता. पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी केलेली होती की जेमतेम चार-पाच ओळी मावत होत्या. मला वाटलं, पाहुण्याला दिसावं म्हणून केली असतील. भूपालची बोटं कळफलकावर धावत होती आणि तो माझ्याकडे तोंड करून बोलत होता. मी माणसांच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नाही, बघवत नाही, म्हणून त्याच्या नजरेकडे माझं लक्ष गेलं नाही.

मी नव्या पानाची छापील प्रत आणली होती, आणि दुरुस्त्यांसाठी तासलेली पेन्सिल. त्याने कागद हातात घेतला, त्यावरून तळवा फिरवला आणि परत दिला.

“तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून ऐकूया.”

मी वाचू लागलो. खिडकीशी खुर्ची ओढून वाचत होतो. तो डोळे मिटून ऐकत होता, मधूनच मान हलवत होता. एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावी. मला मोठी धन्यता वाटत होती. आयुष्यात कोणी माझं काही इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

मध्ये जेवण झालं. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. वहिनी त्याच्या ताटात वाढताना प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन वाढत होत्या. तीही मला घराची रीत वाटली. पुन्हा खोलीत येऊन बसलो तेव्हा उजेड उतरला होता. मी राहिलेलं वाचायला घेतलं. हळूहळू अक्षरं पुसट होऊ लागली. दिव्याचं बटण भूपालच्या हाताशी होतं. तो लावेल म्हणून मी वाट पाहिली. तो लावेना. दुसऱ्याच्या घरी दिवा लावा म्हणून सांगणं मला बरं वाटेना. मी कागद खिडकीच्या गजांना टेकवला. मग तेही दिसेनासं झालं. तेव्हा पान पाठच होतं म्हणून आठवणीने म्हणू लागलो.

“पेटी बांधत असताना मध्येच वीज गेली,” मी अंधारात म्हणालो, “तरी एकही फाइल हरवत नाही. पुढच्या वेळी पेटी जिथे थांबली होती तिथून काम सुरू करते.”

अंधारात त्याची खुर्ची करकरली. मग म्हणाला, “हे चांगलं लिहिलंसा.”

“बरोबर आहे ना?”

“वाचा पुढं.”

तेवढ्यात दार उघडून वहिनी आल्या. “अगं बाई, अंधारात काय वाचताय भाऊजी?” असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. उजेड झाला. मी डोळे मिचकावले. भूपालने मिचकावले नाहीत. तो तसाच, खिडकीकडे तोंड करून, माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत बसला होता.

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणालो की बाकीचं उद्या वाचू, प्रवासाने दमलोय.

सकाळी भूपाल अंघोळीला गेला असताना वहिनी माझ्यासाठी प्रवासाच्या दशम्या बांधत होत्या. मी उंबऱ्याशी उभा होतो. हातातलं काम न थांबवता त्या बोलू लागल्या. उजव्या डोळ्याने काहीच नाही, डाव्याने भर उन्हात थोडंसं. साखरेने डोळ्यांचे पडदे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की उरलेलं जपायचं असेल तर त्या यंत्रासमोर बसणं बंद. कारखान्यात अजून कोणाला सांगितलेलं नाही. हे सगळं त्यांनी एखाद्या शेजाऱ्याच्या घरचं सांगावं तसं सांगितलं. मग दशम्यांची गाठ मारली आणि थांबल्या.

“तुम्हाला एक विचारू भाऊजी? तुम्ही पानात लिहिता ते आधी ह्यांना विचारून लिहिता का?”

मी नाही म्हणालो.

“मग कसं लिहिता?”

“अंदाजाने.”

“मला वाटलंच.” त्यांनी पदराने हात पुसले. “तुमचं पान आलं की मी ह्यांना वाचून दाखवते. दोन वर्षं झाली, मीच वाचते. हे ऐकतात, हसतात. म्हणतात, मास्तरांनी लिहिलंय ते आपल्यात नाही गं, पण असायला पाहिजे. मग पहाटेपासून बसतात. तुम्ही लिहिलेलं खरं करतात, आणि मग तुम्हाला कळवतात, पान बरोबर आहे.”

मी उंबऱ्याच्या लाकडाकडे बघत राहिलो. त्याच नावाची पेटी असेल तर विचारल्याशिवाय लिहीत नाही. डिस्क भरली तर मूळ फाइलींना हात लावत नाही. एकेक वाक्य डोळ्यांसमोर येत गेलं. ज्यांना मी माझी समज मानत होतो, ते सगळे माझे चुकलेले अंदाज होते, आणि एका माणसाने डोळे घालवून ते खरे केले होते.

“आता ते विजेचं वाक्य,” वहिनी म्हणाल्या. “काल तुम्ही म्हणालात, ते दारातून ऐकलं मी. ते काढा. हात जोडते.”

मी होकारार्थी मान हलवली. निदान मला तरी वाटतं की हलवली.

निघताना भूपाल फाटकापर्यंत आला. त्याने माझा हात हातात घेतला, अंदाज न चुकता.

“पद्मा बोलली न्हवं तुम्हाला?”

मी दशम्यांची पुरचुंडी काखेत सारली.

“बोलू द्या. वाक्य मात्र ठेवा मास्तर. लई दिवसांनी असं अवघड काम लावलंसा. आमच्याकडं वीज रोज जाती, आणि मलाच कसं सुचलं न्हाई बघा.” तो हसला. “एवढं एक करून टाकतो. मग बसतो डोळं झाकून.”

एसटी आली. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हे मला त्या बसमध्ये ठरवायचं होतं. वहिनींना दिलेला शब्द होता, त्याचा हसरा चेहरा होता. साताऱ्याला उतरेपर्यंत माझं काही ठरलं नाही, आणि न ठरणं म्हणजे वाक्य राहणं. ते राहिलं.

दोन-अडीच महिन्यांनी ते निळं पत्र आलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्यापाशी अडलो. ‘माझ्याकडून आता याहून जास्त काही होणार नाही.’ भूपाल असं बोलणारा नव्हता. होणार नाही, हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, त्याच्या कोणत्याही ईमेलमध्ये वाचलं नव्हतं. आणि अक्षर वहिनींचं. मला शंका आली की हे सगळं पत्रच वहिनींनी मनाने लिहिलं असेल. नवऱ्याला त्या यंत्रापासून उठवायला एखादी बाई एवढं करील, आणि तिने का करू नये? पण मग तिकडे भूपाल अजून त्या वाक्याशी झगडत असेल, आणि इकडून मी दोषाखाली ओळ छापली तर तो कोणाकडून तरी ऐकेल की मास्तरांनी आपल्याला न विचारता हार कबूल केली. उलट पत्र त्याचंच असेल तर तो माझ्या ओळीची वाट बघत असेल.

एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. फोन कोण उचलेल, ही भीती होती. वहिनींनी उचलला तर मी काय विचारणार, हे पत्र तुम्ही खोटं लिहिलंत का? आणि त्याने उचलला तर त्याच्यासमोर वहिनी उघड्या पडणार. मी पत्रं लिहायला घेतली. मायना ‘प्रिय भूपाल’ करावा की ‘सौ. वहिनींस’ इथेच ती अडत. मग मी ठरवलं, थोडं थांबावं, काही कळेल.

थांबणं मला चांगलं जमतं.

चौथी आवृत्ती संकेतस्थळाच्या आतल्या कप्प्यात तयार पडली होती. लॉर्नाबाईंनी आधी महिन्याने, मग सहा महिन्यांनी विचारलं की पान कधी येतंय. मी लिहिलं की काम चालू आहे. संकेतस्थळावरच्या चर्चेच्या पाटीवर लोक विचारत. कुठल्या तरी रुग्णालयातल्या माणसाने लिहिलं की तिसऱ्या आवृत्तीतल्या ज्या अडचणींवर आम्ही डोकं फोडतोय, त्या चौथीत सुटल्यात असं ऐकतो, मग अडलंय कुठे? दुसऱ्या एकाने लिहिलं की पानाची अडचण असेल तर मी लिहितो, एका दिवसाचं काम आहे. त्याला लॉर्नाबाईंनी उत्तर दिलं. आपण कुरुंदवाडला फोन केला होता, चौगुले म्हणाले की पान मास्तरांचं आहे, ते धाडतील.

ते वाचून मी यंत्र बंद केलं. त्यानंतर पाटी उघडायचंच सोडलं.

वर्षं गेली. लोक दुसरे प्रोग्रॅम वापरू लागले. मी निवृत्त झालो, मोतीबिंदू काढून झाला. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं. तो शब्दकोश मी कपाटातून काढीनासा झालो, शब्द अडला तर अडलेलाच ठेवू लागलो.

गेल्या फाल्गुनात एका सकाळी फोन वाजला.

“मास्तर? मी भूपाल.”

आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. मी खुर्चीत बसलो. तब्येत कशी, पाऊसपाणी कसं, असलं काही मी विचारलं असावं. त्याने ते बोलू दिलं आणि मग म्हणाला, “पद्मा गेली. संक्रांतीच्या आधी. दोन दिवसांचा ताप.”

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मी म्हणालो. ते सगळं कोणत्या तरी पुस्तकातलं होतं.

“एक विचारायचं हुतं. तुम्हाला तेव्हा पत्र मिळालं हुतं न्हवं?”

“मिळालं होतं.”



“ती पहिल्यांदा म्हणायची, पत्ता चुकला असंल. मग म्हणायला लागली, मिळालं असंल, पण मास्तर रागावलं. म्हणायची, मी त्यात एक वाक्य माझ्या मनाचं घातलं हुतं, ते त्यांनी वळखलं.”

“कोणतं वाक्य?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“माझ्याकडून आता याहून जास्त काही हुणार न्हाई. मी असं म्हणीन व्हय मास्तर?”

“नाही.”

“ते तिचं. बाकी समदं माझं. पान बदला, दोषाखाली लिहा, लॉर्नाबाईंना धाडा, मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शेवटी तिला वाटलं, आता तुम्ही आणि काही अवघड लिहून धाडू नये, म्हणून तेवढं घातलं. पुढं एक दिवस मला सांगितलं, रडली. म्हणाली, माझ्या वाक्यानं तुमची चौथी आवृत्ती अडली. मी म्हटलं, मास्तर असं रागवायचं न्हाईत. तिला पटलं न्हाई. शेवटच्या तापातबी एकदा विचारलं तिनं, मास्तरांचं काही आलं का म्हणून.”

 मी म्हणालो, “मला वाटलं, सगळं पत्रच वहिनींनी लिहिलं. तुम्हाला न सांगता.”

“मग विचारायचं की.”

तो ओरडला नाही. रागानेही म्हणाला नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं म्हणाला.

“माझं पण चुकलं,” तो पुढे म्हणाला. “मीबी फोन केला न्हाई. म्हटलं, पान मास्तरांचं, घाई करायची न्हाई. तुम्ही माझ्यासाठी थांबला असणार, मी तुमच्यासाठी थांबलो. मधल्यामधी ती गेली.”

त्याच्याकडे आता थोरली बहीण येऊन राहिली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण यंत्र बोलू लागलं होतं, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवत होतं, असं तो म्हणाला. म्हातारी चिडती, ह्यो बाप्या कोण रातदिन बडबडतोय म्हणून. तो किंचित हसला. आता पान धाडलंत तर मला ऐकता येईल, एवढंच सांगायला फोन केला.

तो फोन ठेवणार होता. माझ्या हातात पेन्सिल होती.

“भूपाल,” मी म्हणालो, “वीज गेल्यावर नेमकं काय होतं?”

“काय?”

“मला ते माहीत नाही. मला कधीच माहीत नव्हतं. तेव्हा अंदाजाने लिहिलं होतं. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

 मग त्याने खाकरून घसा साफ केला आणि सांगायला लागला. पेटी एकेक फाइल उचलते, बांधते, डिस्कला म्हणते, हे लिहून घे. डिस्क म्हणाली की लिहिलं, की मग मूळ फाइल काढून टाकते. “पर डिस्क खोटं बोलती मास्तर. लिहिलं म्हणती, आणि अजून तिच्या मनातच असतं. त्याच टायमाला वीज गेली, की आत पण न्हाई आणि भाईर पण न्हाई. समद्या फाइली सांभाळल्या मी. फकस्त ती एक. ती कशानंच वाचंना.” मी मध्येच थांबवून विचारलं की फक्त एकच का. त्याने सांगितलं. आणखी विचारलं, की मूळ फाइल काढायला सांगितलं नसेल तर? तर काहीच धोका नाही, तो म्हणाला. मी विचारत गेलो. माझे काही प्रश्न नक्कीच मूर्खपणाचे होते. त्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं.

दुपारी शब्दकोश काढला, पत्र बाहेर घेतलं आणि शेजारी ठेवून बसलो. विजेचं वाक्य खोडलं. मग पानाच्या शेवटी आलो. दोष या मथळ्याखाली इतकी वर्षं ‘नाही’ होतं, ते पुसलं आणि लिहिलं:

‘मूळ फाइली काढून टाकण्याची सूचना देऊन पेटी बांधत असताना वीज गेली, तर त्या क्षणी हातात असलेली एक फाइल हरवू शकते. ती परत मिळवता येत नाही. या प्रोग्रॅमकडून याहून जास्त काही होणार नाही.’

शेवटचं वाक्य माहितीच्या पानात शोभत नाही, हे मला समजत होतं. ते तसंच ठेवलं.

पान लॉर्नाबाईंना पाठवलं, एक प्रत भूपालला. लॉर्नाबाईंचं उत्तर आलं की आवृत्ती उद्या सोडते. ती आता कोण वापरणार, याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन एक आंतरदेशीय पत्र घेतलं. तिथल्याच बाकावर बसून त्या तीन ओळी हाताने उतरून काढल्या, खाली सही केली आणि वरच्या बाजूला ‘सौ. पद्मावती वहिनींस’ असा मायना लिहिला. पत्त्यावर नाव तिचंच घातलं, घर तेच, कुरुंदवाड, तालुका शिरोळ. त्या घरात कागदावरचं वाचणारं आता कोणी नाही. कडा चिकटवल्या, बोटाने दाबल्या आणि पत्र पेटीत टाकलं.